केडलस्टन हॉल बघायला जाताय? मग आधी त्याचा प्लॅन समजून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मुलगा डर्बीला शिकतोय, पुढच्या महिन्यात त्याच्याकडे जाताय, जवळच केडलस्टन हॉल, म्हणजे अठराव्या शतकातलं जमीनदार घराण्याचं भव्य घर आहे, तर तिथे नेमकं काय बघायचं, जॉर्जियन म्हणजे काय, कलकत्त्याचं राजभवन याचीच कॉपी आहे हे खरं का, आणि हे सगळं आपल्याकडून लुटलेल्या पैशातून बांधलंय का. मी जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते, काही वर्षं इंग्लंडमध्येही याच प्रकारच्या घरांवर केलंय, त्यामुळे जरा लांबलचक सांगते, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडत जाईल. केडलस्टनची मधली जी भव्य इमारत आहे ती राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. ती दाखवण्यासाठी होती, पाहुण्यांसाठी, मेजवान्यांसाठी, चित्रं आणि पुतळे मांडण्यासाठी. मालकाचं कुटुंब राहायचं ते बाजूच्या छोट्या इमारतीत. दक्षिणेच्या बाजूला वर एक लॅटिन ओळ कोरलेली आहे, तिचा अर्थ असा की लॉर्ड स्कार्सडेलने हे बांधलं, मित्रांसाठी आणि स्वतःसाठी. मित्र आधी, स्वतः नंतर! हे लक्षात ठेवून आत फिरलात की इतक्या मोठ्या घरात राहायच्या खोल्या कुठेत हा प्रश्न पडणार नाही.

आता जॉर्जियन. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ चार जॉर्ज बसले, त्या काळातली वास्तुकला ती जॉर्जियन, काही लोक १८३७ पर्यंत धरतात. पण सव्वाशे वर्षं एकच स्टाइल कशी राहील, नाही राहिली. पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षं पल्लाडिओचा जोर होता, म्हणजे सोळाव्या शतकातला व्हेनिसकडचा आर्किटेक्ट आंद्रेआ पल्लाडिओ, त्याच्या व्हिला आणि त्याची पुस्तकं हे इंग्रज जमीनदारांचं बायबल होतं. मग १७६० च्या आसपास नवी पिढी आली जी स्वतः इटलीला जाऊन रोमन अवशेष मोजून आली, तिला पल्लाडिओ मध्यस्थ म्हणून नको होता, थेट रोम हवं होतं. आणि शेवटी शेवटी ग्रीक प्रकार आला. मुंबईकरांना या शेवटच्या टप्प्यासाठी लांब जायला नको, एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल बघा, १८३३ चा, कर्नल कूपरने केलेला, ते जाडजूड डोरिक, म्हणजे साध्या माथ्याचे खांब आणि समोरच्या पायऱ्या त्याच परंपरेतल्या आहेत.

ओळखायचं कसं? सिमेट्री बघा, मधोमध दार आणि दोन्ही बाजूंना तितक्याच खिडक्या. मग मजल्यांची उंची बघा. तळमजला बुटका, दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेला, त्यात स्वयंपाकघरं, कोठारं, नोकरांची कामं. त्याच्या वरचा मजला सगळ्यात उंच, तोच मानाचा मजला, मोठ्या खिडक्यांचा. त्यावरचा परत बुटका. म्हणजे नुसत्या खिडक्यांच्या उंचीवरून बाहेर उभं राहून सांगता येतं की कुठल्या मजल्यावर लॉर्डसाहेब आणि कुठल्या मजल्यावर मोलकरीण. आणि खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, सॅश म्हणतात त्यांना, चौकटीच्या आत पोकळीत दोरीला वजन टांगलेलं असतं त्यामुळे जड काच एका हाताने उचलली जाते. जुन्या खिडक्यांच्या काचेला हलकी लाट असते, तिरकं बघा, बाहेरची झाडं जराशी हलल्यासारखी दिसतील. जिथे अशी काच टिकलीय तिथे मला फार आनंद होतो, कारण फुटली की ती परत मिळत नाही.

आता केडलस्टनची गोष्ट. कर्झन घराणं तिथे बाराव्या शतकापासूनचं. १७५८ मध्ये सर नॅथॅनियल कर्झनच्या हातात इस्टेट आली (वर म्हटलेला लॉर्ड स्कार्सडेल हाच), वय बत्तीसच्या आसपास, चित्रांचा आणि पुतळ्यांचा नाद, आणि वडिलांचं जे घर होतं ते जेमतेम पन्नास-साठ वर्षांचं, चांगलं धडधाकट, पण याला जुनाट वाटलं. पाडलं. एवढंच नाही, घराशेजारी गाव होतं, केडलस्टन गाव, ते नजरेत येत होतं म्हणून पूर्ण गाव उठवून दूर वसवलं, रस्ताही दुसरीकडून वळवला. फक्त चर्च राहिलं. त्यामुळे आज तुम्ही जाल तेव्हा त्या प्रचंड घराला चिकटून एक छोटं मध्ययुगीन चर्च दिसेल आणि आजूबाजूला गावाचा पत्ता नाही, बरेच लोक ते क्यूट म्हणून फोटो काढतात. मला तिथे दर वेळी त्या घरांची आठवण येते जी तिथे होती. लोकांना बाहेर हलवून मोकळा केलेला देखावा, त्या काळच्या इंग्लंडात हे अनेक ठिकाणी झालंय, आणि या घरांच्या सौंदर्याबद्दल बोलताना हे वगळणं मला पटत नाही.

आर्किटेक्टचा किस्सा मात्र भारी आहे. साधारण दोन वर्षांत तीन आर्किटेक्ट झाले. १७५९ मध्ये मॅथ्यू ब्रेटिंगहॅमने प्लॅन आखला, पल्लाडिओच्या व्हिला मोचेनिगोवरून, जो पल्लाडिओने कागदावर काढला पण बांधला गेला नाही. मधे मुख्य इमारत, चार कोपऱ्यांना चार छोट्या इमारती, म्हणजे पॅव्हेलियन, आणि मधल्या इमारतीपासून प्रत्येक पॅव्हेलियनपर्यंत वर्तुळाच्या पाव भागासारखा वळलेला कॉरिडॉर. ब्रेटिंगहॅमने ईशान्येचा पॅव्हेलियन उभा करायला घेतला, कुटुंब राहतं तो हाच. मग जेम्स पेन आला, त्याने वायव्येचा केला, स्वयंपाकघराचा, आणि उत्तरेच्या दर्शनी बाजूचं काम पुढे नेलं. तोपर्यंत रॉबर्ट ॲडम नावाचा तिशीतला स्कॉटिश माणूस इटलीहून परतला होता, १७५८ च्या डिसेंबरात कर्झनने त्याची ड्रॉइंग्ज बघितली आणि खुळावलाच. आधी त्याला बागेतली छोटी मंदिरं वगैरे कामं दिली आणि १७६० मध्ये सगळंच त्याच्या हातात गेलं. पेनसाठी हे सोपं नसणार, तो तेव्हा नावाजलेला माणूस होता, पण त्याने फार तमाशा केला नाही.

तर याचा परिणाम असा झाला की पल्लाडिओचा काळ आणि ॲडमचा काळ एकाच इमारतीच्या दोन बाजूंना आहेत. उत्तरेची बाजू बघा, सहा उंच कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेल्या खांबांचा पोर्टिको, म्हणजे दारापुढचा मंडप, दोन्हीकडे पॅव्हेलियन, एकूण लांबी शंभर मीटरहून जास्त, सगळं शिस्तीत, स्थिर, पल्लाडियन. मग चालत दक्षिणेला या. तिथे ॲडमने रोममधली कॉन्स्टंटाइनची विजयकमान उचलून घराच्या मधोमध बसवली. चार सुटे खांब भिंतीपासून पुढे आलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर पुतळा, मागे बुटका घुमट, खाली वळत उतरणारा जिना. ॲडमला इमारतीत हालचाल हवी असायची, पुढे येणं मागे जाणं, वर चढणं खाली उतरणं, उन्हाने सावल्या पडणं. पण एक खटकतं, बघालच तुम्ही, कमानीच्या दोन्ही बाजूच्या भिंती अगदी साध्या, पेनच्या, कोरड्या, आणि इकडे जे दोन पॅव्हेलियन व्हायचे होते ते झालेच नाहीत. म्हणून ही बाजू अर्धी राहिल्यासारखी वाटते, कारण ती अर्धीच आहे. तरीही मला विचाराल तर दोन्हींत दक्षिणेची जास्त आवडते. उत्तरेची बाजू बरोबर आहे, तिच्यात चूक काढता येत नाही. दक्षिणेच्या बाजूला माणसाने काहीतरी धाडस केलंय.

आत आता तळमजल्यावरून, सीझर्स हॉलमधून सोडतात, पण मनात मात्र बाहेरचा जिना चढून पोर्टिकोतून आत आल्याची कल्पना करा, कारण डिझाइन तसं केलंय. पहिली खोली मार्बल हॉल. साधारण ६७ फूट लांब, ३७ फूट रुंद, ४० फूट उंच, दोन्ही बाजूंना मिळून २० खांब, प्रत्येक सुमारे २५ फूट. आणि नाव मार्बल हॉल असलं तरी खांब संगमरवराचे नाहीत, अलाबास्टरचे आहेत, कर्झनच्याच मालकीच्या नॉटिंगहॅमशरमधल्या खाणीतले. शिरा आहेत त्यात, जवळ जाऊन बघा, मांसासारख्या दिसतात. अलाबास्टर म्हणजे जिप्समचाच एक प्रकार, मऊ, पाण्यात हळूहळू विरघळणारा, बाहेर पावसात उभा केला तर खराब होणार, म्हणून तो आतच वापरतात. खांबांवरच्या उभ्या खाचा खांब उभे केल्यानंतर काही वर्षांनी जागेवरच कोरल्या, येरागबाळ्याचं काम नाही ते, एक घाव जास्त बसला तर पंचवीस फुटी खांब गेला. फरशी डर्बीशरच्याच हॉप्टन वूड दगडाची, त्यात इटालियन मार्बल जडवलेलं.

आणि वर बघा. बाजूच्या भिंतींत खिडक्या नाहीत, उजेड छतातल्या काचांमधून येतो. ॲडमच्या डोक्यात रोमन घराचं अंगण होतं. आपल्याला वाड्याच्या चौकाची सवय आहे म्हणून हा वरून पडणारा उजेड लगेच ओळखीचा वाटतो, फक्त इथे चौकात कोणी धुणं वाळत घालत नाही, पापड वाळत नाहीत, कोणी राहतच नाही. हॉल थंडगार, उन्हाळ्यातसुद्धा. जॅकेट घेऊन जा.

मार्बल हॉलच्या बरोबर मागे सलून, म्हणजे पाहुण्यांचा मोठा दिवाणखाना, आणि हे खास आहे. गोल खोली, ४२ फूट व्यास, ६२ फूट उंच, रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावरून, वर घुमट आणि त्यात खणाखणांचं छत. आधी पुतळे ठेवायला केली, मग १७८० च्या दशकाच्या शेवटी नाचासाठी बदलली. भिंतीतल्या कोनाड्यांत वेदीसारखं काहीतरी दिसेल, वर कलश, सजावट वाटते, पण ते लोखंडी स्टोव्ह आहेत, खोली गरम करायला. ॲडमचं हेच मला आवडतं, शेगडीसुद्धा रोमन करून ठेवायची. गोल खोलीच्या भिंतीला धरून दारंही वळवलेली आहेत, कारागिराने सपाट फळीतून ती कशी काढली असतील याचा विचार करत तिथे दोन मिनिटं उभे राहा. लाकूडकामवाल्याला विचारा, सरळ दार आणि वळलेलं दार यात मजुरीचा किती फरक पडतो.

बाकी खोल्या या दोन मोठ्या खोल्यांच्या भोवती फेरीसारख्या आहेत. पूर्वेला म्युझिक रूम, ड्रॉइंग रूम, लायब्ररी, म्हणजे संगीत, चित्र, साहित्य. ड्रॉइंग रूममधले सोफे चुकवू नका, जॉन लिनेलने केलेले, हातांच्या जागी सोन्याचा मुलामा दिलेले मत्स्यपुरुष आणि मत्स्यकन्या. पश्चिमेला पाहुण्यांचा शयनकक्ष, पलंगाचे खांब ताडाच्या झाडासारखे कोरलेले, मुळांसकट, आणि मग डायनिंग रूम. डायनिंग रूम पश्चिमेला का? कारण स्वयंपाकघराचा पॅव्हेलियन वायव्येला. पण जेवण तिथून त्या वळणदार कॉरिडॉरमधून यायचं, आगीची भीती आणि वास दोन्ही लांब ठेवायचे म्हणून, त्यामुळे गरमागरम काय पोहोचत असेल देव जाणे. प्लॅनचा कागद मिळाला तर हातात घेऊन फिरा, कुठली खोली कुठे का हे पटापट कळत जातं. मी कामाच्या ठिकाणी ज्युनिअर मुलांना हेच सांगते, आधी प्लॅन, मग छताची नक्षी. छताकडे बघत फिरणाऱ्या माणसाला घर कळत नाही.

आणि हे घर सुरुवातीपासून टुरिस्ट स्पॉट होतं हे ऐकून आश्चर्य वाटेल. सभ्य दिसणाऱ्या कोणालाही हाउसकीपर घर फिरवून दाखवायची, मिसेस गार्नेट नावाची बाई अनेक वर्षं हे काम करत होती, हातात पुस्तिका घेतलेलं तिचं पोर्ट्रेट घरात आहे. नोकरवर्गातल्या बाईचं असं मानाने काढलेलं चित्र त्या काळी विरळाच, शोधून बघा. १७७७ मध्ये प्रसिद्ध इंग्रजी लेखक आणि कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आला होता, त्याला काही फार आवडलं नाही, तो म्हणाला की हे टाऊन हॉल म्हणून झकास चालेल, खांबवाल्या मोठ्या खोलीत न्यायाधीश बसतील, गोल खोलीत ज्युरी. टोमणा होता तो, पण माणसाने प्लॅन बरोबर वाचला होता. राहायचं घर नाहीच, सत्तेची इमारत आहे.

आणि नेमकं तेच पंचवीस वर्षांनी कलकत्त्यात झालं. १७९८ मध्ये वेलस्ली गव्हर्नर जनरल म्हणून आला, त्याला वाटलं की हिंदुस्थानावर राज्य करायचं तर राजवाड्यातून करायला हवं, व्यापाऱ्याच्या कचेरीतून नाही. १७९९ मध्ये गव्हर्नमेंट हाउसचं, म्हणजे पुढे राजभवन म्हणून ओळखल्या गेलेल्या इमारतीचं काम सुरू झालं, १८०३ मध्ये पूर्ण. आर्किटेक्ट बंगाल इंजिनिअर्समधला चार्ल्स वायट, आणि केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख करणारा सॅम्युअल वायट याच घराण्यातला, म्हणजे केडलस्टनचा प्लॅन घरातच होता. तारखा जरा आपल्या इतिहासाशेजारी ठेवून बघा: १८०२ च्या ३१ डिसेंबरला वसईचा तह, १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई, वेलस्लीचा धाकटा भाऊ आर्थर तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर. म्हणजे मराठी सत्तेचं कंबरडं मोडण्याचे निर्णय घेणारा माणूस त्याच वर्षी या नव्या राजवाड्यात बसत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या डायरेक्टरांना न विचारता केलेला खर्च आणि युद्धं दोन्ही त्याला भोवली, १८०५ मध्ये परत बोलावलं.

पण कॉपी म्हणाल तर तशी ती नाही. कल्पना तीच, मधे मोठी इमारत आणि वळलेल्या कॉरिडॉरनी जोडलेले पंख. केडलस्टनला चारपैकी दोनच झाले, कलकत्त्यात चारही झाले! म्हणजे जे कर्झनला डर्बीशरमध्ये पूर्ण करता आलं नाही ते हुगळीकाठी पूर्ण झालं. आणि कलकत्त्यात त्या प्लॅनला वेगळंच कारण मिळालं, हवा. पंख सुटे असल्याने प्रत्येक खोलीला दोन-तीन बाजूंनी वारा मिळतो. दक्षिणेला कॉन्स्टंटाइनची कमान नाही, तिथे खांबांचा गोलाकार पुढे आलेला व्हरांडा आहे, दक्षिणेचा वारा घ्यायला. केडलस्टनच्या गोल सलूनसारखी खोलीही नाही. मार्बल हॉल आहे, पण खांब विटांचे आणि वरून चुन्याचा घोटीव गिलावा. काहीजण याला कमअस्सल म्हणतात, मला अजिबात पटत नाही. दमट हवेत अलाबास्टरपेक्षा चुना कितीतरी शहाणा, तो श्वास घेतो, दरवर्षी डागडुजी करता येते. वाईट तेव्हा होतं जेव्हा अशा भिंतीवर नंतर कोणीतरी सिमेंट फासतं, ओल आत अडकते आणि विटा भुसभुशीत होतात. मी आपल्याकडे आणि तिकडे, दोन्हीकडे हेच निस्तरत असते.

पुढचा योगायोग तर तुम्हाला माहीत असेलच. याच घराण्यात १८५९ मध्ये केडलस्टनलाच जॉर्ज नॅथॅनियल कर्झन जन्मला आणि १८९९ मध्ये व्हाइसरॉय होऊन स्वतःच्या घराच्या त्या भावंडात राहायला आला. बंगालची फाळणी करणारा तोच. त्याच्याबद्दल राग आहेच, असायलाच हवा. पण माझ्या पेशातल्या माणसाला दुसरीही बाजू सांगावी लागते, १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा त्याच्या काळातला, मरगळलेल्या पुरातत्त्व खात्याला त्यानेच परत उभं केलं, आणि आपल्या लेणी-किल्ल्यांच्या संरक्षणाची कायदेशीर चौकट तिथून सुरू होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत.

केडलस्टनच्या तळमजल्यावर त्याने आशियातून नेलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे, काही त्याने विकत घेतलेल्या, काही भेट मिळालेल्या. व्हाइसरॉयला मिळालेली भेट किती मोकळ्या मनाने दिलेली असते हा प्रश्न तिथे उभं राहून स्वतःला विचाराच. त्याच्या बायकोचा, मेरीचा, मोराच्या पिसांच्या नक्षीचा ड्रेस हे मोठं आकर्षण, १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळचा. जरदोजी दिल्लीच्या कारागिरांची, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाउसकडची, पिसांच्या डोळ्यांत चमकतात ते खडे नाहीत, भुंग्याचे हिरवे पंख आहेत. वर्थचं नाव सगळीकडे असतं, पण ज्यांनी डोळे फोडून ती जर भरली त्यांच्यासाठी तरी तिथे थोडं जास्त थांबा. आणि चर्चमध्ये मेरी आणि कर्झन यांची संगमरवरी समाधी आहे, तीही बघून घ्या, कारागिरी अप्रतिम आहे.

आता पैशांचा प्रश्न. केडलस्टनचं घर १७६० च्या दशकातलं आणि तो पैसा मुख्यतः जमिनीच्या खंडाचा, म्हणजे तिथल्याच कुळांचा. भारतातल्या लुटीचं घर बघायचं असेल तर बर्कशरमधलं बेसिल्डन पार्क बघा, मुर्शिदाबादच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे प्रतिनिधी असलेल्या फ्रान्सिस साइक्सने १७७६ पासून बांधून घेतलेलं. सरेमधलं क्लेअरमाँट खुद्द क्लाइव्हचं. आणि यॉर्कशरचं हेअरवूड हाउस वेस्ट इंडीजच्या साखरेच्या, म्हणजे गुलामांच्या श्रमाच्या पैशातून. तिघांचीही दर्शनी बाजू तितकीच शांत आणि सभ्य दिसते, त्यामुळे दगडाकडे बघून पैसा कळत नाही, कागदपत्रंच बघावी लागतात.

१९८७ पासून केडलस्टन नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं आणि जागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. घर आणि बाग यांच्या वेळा वेगळ्या असतात, घर रोज उघडं असेलच असं नाही, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघूनच निघा. बागेत ॲडमचा तीन कमानींचा पूल आहे, पायऱ्यांवरून पडणारा छोटा बांधीव धबधबा आहे, मासेमारीसाठी केलेलं छोटं घर आहे. ते तळं नैसर्गिक वाटतं पण ओढा अडवून केलेलं आहे. उत्तरेकडून येणाऱ्या जुन्या वाटेने पूल ओलांडून या, म्हणजे घर टप्प्याटप्प्याने समोर येतं, गाडीने थेट पार्किंगला गेलात तर ही मजा हुकते. आणि परतीला लंडनमध्ये एखादा दिवस असेल तर ऑस्टर्ली आणि सायन हाउस, दोन्ही ॲडमची, दोन्ही शहराच्या पश्चिमेला, हीथ्रोच्या वाटेवरच आहेत. दोन्ही ठिकाणी ॲडमला जुन्या घराच्या भिंतींत अडकून काम करावं लागलंय, केडलस्टननंतर लगेच बघितलंत तर तो फरक अगदी स्पष्ट दिसेल. सायनमधला हॉल आणि त्याला लागूनची रंगीत दगडांच्या खांबांची खोली, एवढं बघितलं तरी पुरे.